आठ कॅन गोडं पाणी

केपटाउन, २६ डिसेंबर

दादा,

पाया पडतो. माझं अक्षर पाहिलं की तू पाकीट तसंच चुलीत घालशील, म्हणून वरचा पत्ता दुसऱ्याच्या हातानं लिहून घेणार हाय. फसून का व्हईना, उघडलंस ना, तर आता एवढं पान तरी वाच.

नऊ वर्षं झाली आपल्याला बोलून. माय गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोनवर एवढंच म्हणलास, "गडी असून तातेराव आल्ता मातीला. तू न्हाई." आन् फोन ठेवलास. त्याच्यानंतर मी कितीदा लावला, तू उचलला न्हाईस. एकदा वहिनीनं उचलला. "बरे हाव का भावजी" म्हणल्या, तेवढ्यात मागून तुझा खोकला आला आन् त्यांनी घाबरून ठेवून दिला. माझ्या कानात तो खोकलाच राहिला. त्याच्यावरूनच म्हणलं, दादा जिवंत हाय, तंबाखू सोडली न्हाई.

मी कुठं हाय ते सांगतो. नेव्हीतली पंधरा वर्षं भरली, तव्हापासून गोव्याला बोटी दुरुस्तीच्या कारखान्यात हाय. तिथं प्रितम साहेब म्हणून एक हायेत, नेव्हीचेच रिटायर कप्तान. त्यांनी शिडाच्या बोटीची शर्यत खेळायचं काढलं. आफ्रिकेच्या ह्या टोकावरून निघायचं आन् अख्खा समुद्र ओलांडून ब्राझीलला जायचं. इंजिनावर बोट चालवायची न्हाई, वारा नेईल तसं जायचं. वीस-बावीस दिवस लागतील. बोट आपल्या बैलाच्या गोठ्याएवढी. माणसं चार: साहेब, रस्ता काढणारी मोनाली, यंत्रं सांभाळणारा प्रेम, आन् दोऱ्या ओढायला तुझा भाऊ. उद्या निघून राह्यलो.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. बारा वर्षं राहिली. सांगितली तर आज तोडलंस त्याच्याहून जास्ती तोडशील, हे मला बराबर कळतं. आता निदान वहिनी पुन्हा कव्हा फोन उचलतील ही आशा तरी हाय, तीबी जाईल. तरी ठरवलंय, पलीकडच्या काठाला लागायच्या आत लिहायची. न्हाई लिहिता आली तर ही वही समुद्रात टाकून देईन, तुला कळणारबी न्हाई.

काल मी आणखी एक कारभार केला हाय. साहेबांना माहीत न्हाई. तोबी सांगतो, पण आज न्हाई.

दिवस तिसरा, २९ डिसेंबर

दादा,

दोन दिवस नुसता ओकत होतो. पंधरा वर्षं नेव्हीत काढलेला माणूस, प्रेम हसून हसून बेजार झाला. मोठं जहाज वेगळं. ही बोट कडेवर पडून पळती. झोपायचं तर एका अंगाला फळी लावून झोपावं लागतं, न्हाईतर माणूस खाली घरंगळतो. थंडी अशी की भांडं धरवत न्हाई.

इथं चार घंटे जागायचं, चार घंटे झोपायचं. दोघं वर, दोघं खाली. त्याला वॉच म्हणतात. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "आता पाळी कुणाची?" आता समदे पाळीच म्हणून राह्यले. पंजाबी कप्तानसुद्धा.

आपल्या विहिरीची पाळी मायनं लावून दिल्ती. सम तारखेचं पाणी तुझं, विषम तारखेचं माझं. मी वर्षातले अकरा महिने जहाजावर, माझं वावर पडीक, तवा समदं पाणी तूच वापरायचास आन् ते बराबरच होतं. पण मी सुट्टीला आलो की विषम तारखेला सकाळी चहा पितानाच म्हणायचास, "भागवत, आज पाणी तुझं." मला त्याचं काय करावं कळायचं न्हाई. मी "घे तूच" म्हणायचो. तरी पुढच्या विषम तारखेला पुन्हा विचारायचास. असा माणूस मी समुद्रावर दुसरा पाहिला न्हाई.

त्याच विहिरीत तू मला पोहायला शिकवलंस. बाप जाऊन वर्षच झाल्तं. मी सात वर्षांचा, तू एकोणीस. पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधायचास आन् काठावरून ढकलून द्यायचास. मी बोंबलत वर यायचो, तू पायरीवर बसून बिडी पीत म्हणायचास, "हात मार." आठ दिवस झाल्यावर असाच पोहत मधापर्यंत गेलो, तर तू डबा वर धरून दाखवलास. कव्हा सोडलास ते मला कळूच दिलं न्हाईस. मला इतका राग आल्ता की मी काठाला येऊन तुला चावलो. वहिनी नव्या नवऱ्या होत्या, त्यांनी हळद लावली.

मी सुकाणूवर बसलो की ते आठवत राहतं. खाली चार हजार मीटर पाणी हाय म्हणून मोनाली सांगती. आपली विहीर साठ फूट.

दिवस आठवा, ३ जानेवारी

दादा,

आता ऊन पडलं. वारा पाठीमागून लागला हाय, मोठं फुगारं शीड लावलंय, अंगातला स्वेटर निघाला. सकाळी बोटीवर मासे उडून येऊन पडतात, चिमणीएवढे, पंख असलेले. वहिनीला सांग, खोटं न्हाई बोलत.

खायला पाकिटातली भुकटी. गरम पाणी ओतलं की म्हणे राजमा-चावल. काल मला ज्वारीच्या भाकरीची इतकी याद आली की मी झोपेत "तव्यावरची दे" म्हणलो म्हणं. राजूरच्या गणपतीला तू मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचास, आन् माय फडक्यात भाकर, ठेचा आन् कांदा बांधून द्यायची. देवाच्या आधी मी ते सोडायचो. तू म्हणायचास, "गणपती म्हणंल ह्या पोराला घरी उपाशी ठेवतात." आन् तूबी अर्धी भाकर खायचास.

आता कारभार सांगतो. ह्या बोटीत खाऱ्या पाण्याचं गोडं करायचं यंत्र हाय. घंट्याला तीस लिटर काढतं. प्रेम नळ चालू ठेवून दात घासतो, मी जाऊन बंद करतो. त्यानं माझं नाव टँकरवाला ठेवलंय. साहेबांचं म्हणणं, शर्यतीत वजन नको, म्हणून यंत्राच्या भरवशावर निघायचं, टाकीत दोन दिवसांचं पाणी आन् वर थोडं अडीअडचणीचं, बस. बोटीतल्या एक-एक वस्तूचं वजन करून मोनालीनं यादी केली. टूथब्रशचे दांडेसुद्धा अर्धे कापले.

दादा, बावीस दिवस आन् हाताशी पाणी दोन दिवसांचं. मला झोप लागंना. मायनं मला दगडावर बसवून न्हाऊ घालायचं, खाली घमेलं लावून तेच पाणी वासराला पाजायचं. टँकर आठ दिवसांनी यायचा, तोबी आला तर. त्या गावचा माणूस यंत्राचं बटन पाहून समुद्रात कसा जाईल? निघायच्या दोन दिवस आधी समदे जेवायला गेले तव्हा मी आठ कॅन भरले, वीस-वीस लिटरचे, आन् बोटीच्या पार पुढच्या टोकात जादा शिडांच्या गाठोड्याखाली घातले. मंग मला झोप लागली. आताबी कव्हा पुढं गेलो की हात लावून पाहतो. भरलेल्या कॅनचा गारवा लागला की बरं वाटतं.

दिवस अकरावा, ६ जानेवारी

दादा,

आज वाईट झालं.

तीन दिवस झाले, बोट लाटेवरून उतरताना नाक पाण्यात खुपसती. आमच्या जोडीच्या बोटी शंभर मैल पुढं गेल्या. साहेब शिडं बदलून बदलून थकले. आज दुपारी एका लाटेत पुढचं टोक इतकं आत गेलं की प्रेम दोरीवर आपटला, खांदा निखळता निखळता राहिला. साहेबांनी मोनालीला बोलावलं. "पुढं वजन जास्ती हाय. तुझी यादी चुकली."

ती म्हणली, "सर, मी दोनदा वजन केलंय. यादी बरोबर आहे."

"मग बोट खोटं बोलती का?"

तिनं वही काढली, पहिल्यापासून बेरीज करून दाखवली. साहेबांनी पाहिलंबी न्हाई. वही आन् रस्त्याचं काम तिच्याकडून काढून प्रेमकडं दिलं. ती खाली जाऊन रडत बसली. पुण्याची पोरगी, बापाशी भांडून ह्या शर्यतीला आलेली.

मी काय करत होतो म्हणशील, तर बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधत होतो. तिचं तोंड मात्र पाहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवल्यावर जसं होतं तसं. असं तोंड मी आपल्या अंगणात एकदा पाहिलंय. तूबी पाहिलंयस.

आज जेवलो न्हाई.

दिवस बारावा, ७ जानेवारी

दादा,

सांगून टाकलं. सकाळी पाळी बदलायच्या टायमाला चौघं वर होतो. मी म्हणलो, "साहेब, मोनालीची यादी बराबर हाय. पुढं आठ कॅन पाणी हाय. मी ठेवलं."

साहेबांना आधी कळलंच न्हाई. "कसलं पाणी?" म्हणले. प्यायचं, म्हणलो. "मशीन चालू असताना?" म्हणले. मी म्हणलो, "चालू हाय म्हणूनच, साहेब. बंद पडल्यावर कुठून भरणार?" प्रेमला हसू आलं, पण खांदा दुखत होता म्हणून त्यानं शिवी दिली. साहेब शिव्या देत न्हाईत. ते म्हणले, "काल ती रडली तेव्हा तू कुठं होतास?"

मंग पाणी ओतून द्यायचा हुकूम झाला. पहिला कॅन मी कठड्यावर टेकवला, झाकण काढलं आन् हात थांबला. दादा, एकशेसाठ लिटर गोडं पाणी. माझ्याच्यानं तिरपा व्हईना. मी चाळीस वर्षांचा माणूस तिथं उभ्यानं रडलो. मोनाली आली, माझ्या हातातून कॅन घेतला आन् तिनंच आठही एकामागून एक ओतले. ओतताना माझ्याकडं पाहिलं न्हाई. शेवटच्यातलं पेलाभर ठेवलं आन् मला दिलं. "प्या काका, आणि पुन्हा असं करू नका," म्हणली. साहेबांनी वही तिच्या हातात परत दिली आन् समद्यांसमोर माफी मागितली. कप्तान माणूस, दोन वाक्यात मागून मोकळा झाला. मला वाटलं, एवढंच असतं व्हय? एवढ्यासाठी मी बारा वर्षं घालवली?

बोट हलकी झाली. नाक वर आलं.

दिवस तेरावा, ८ जानेवारी

दादा,

आता लिहितो. मधी थांबलो तर पुन्हा व्हणार न्हाई.

तेरा सालचा मे महिना, अठ्ठावीस तारीख, अंगारकी. तू, माय आन् वहिनी राजूरला गेल्तात. विहिरीत दिवसाला जेमतेम घंटाभराचं पाणी जमत होतं. तीन वाजता लाईट आली की मोटर लावून तुझ्या मोसंबीला पाणी सोडायचं, घंट्यानं बंद करायची, असं तू तातेरावला सांगून गेल्तास. सम तारीख होती. पाळी तुझी होती.

दोनच्या सुमाराला तातेराव घरी आला. त्याच्या बायकोला, बेबीनंदाला, ताप चढल्ता, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. "भागवतभाऊ, तीनला मोटर लावाल का? घंट्यानं बंद करा, पाणी तेवढंच हाय," म्हणला. मी म्हणलो, "जा तू."

तू म्हणलास, तो इसरला. हे खोटं होतं. तो मला सांगून गेल्ता.

मी तीनला मोटर लावली. पण पाईपाचा व्हॉल तुझ्याकडं न्हाई फिरवला. त्या सुट्टीत मी कारवारहून नारळाची बारा रोपं रेल्वेत सीटखाली घालून आणल्ती. अख्खं पिंपळगाव हसलं, तूबी हसलास, "आता इथं समुद्र तेवढा आण" म्हणलास. त्यांची पानं पिवळी पडून राह्यली होती. म्हणलं, पंधरा मिनिटं रोपांना देतो, मंग तुझ्याकडं फिरवतो. लिंबाखाली टेकलो आन् डोळा लागला.

जळक्या वासानं उठलो. साडेपाच वाजल्ते. विहीर कोरडी, मोटर कोरडी फिरून जळालेली. मी काय केलं सांगू? व्हॉल तुझ्या बाजूला फिरवून ठेवला आन् घरी येऊन पडलो.

तू आलास. तातेरावला अंगणात उभं केलंस. तो म्हणला, "मी भागवतभाऊला सांगून गेल्तो." तू माझ्याकडं पाहिलंस. मी म्हणलो, "मला कुणी काही सांगितलं न्हाई."

त्यानं पोराच्या, बुद्धभूषणच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पोरगं दहावीला होतं, ते तिथंच उभं होतं. बावीस वर्षं आपल्यात राबलेला माणूस, मला खांद्यावर घेऊन पोळ्याला बैल दाखवलेला माणूस, तू त्याला म्हणलास, "उद्यापासून येऊ नको." त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मोटर नव्या तारा भरून यायला अकरा दिवस लागले, त्या साली समद्यांच्याच जळल्त्या. दोनशे दहा मोसंबी, नऊ वर्षं वाढवलेली, टँकरनं जगवलेली, वाळून गेली. मी दोन दिवसांनी जहाजावर निघून गेलो. तू स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावली, हे मायनं फोनवर सांगितलं. ती म्हणली, "तातेरावनं घात केला रं." मी "हं" म्हणलो.

माय गेली तव्हा जहाज समुद्रात हाय म्हणून मी कळवलं. जहाज कोचीला धक्क्याला होतं. रजाबी मंजूर झाल्ती, बॅग भरल्ती. पण तातेराव मातीला येणार हे मला माहीत होतं, कारण तो तसाच माणूस हाय. त्याच्यासमोर उभं राहायचं कसं, म्हणून मी मायच्या मातीला आलो न्हाई. तुला वाटलं भागवत मोठा झाला, गाव इसरला. मी रोज गावात असतो दादा. रोज त्या अंगणात असतो.

झालं लिहून. आता तुला जे करायचं ते कर.

दिवस बाविसावा, १७ जानेवारी, ब्राझील

दादा,

सकाळी डोंगर दिसला. सतरापैकी बारावे आलो. साहेब म्हणले पाण्यानं पाच नंबर मागं ढकललं, आन् माझ्या पाठीवर थाप मारली. ते यंत्र शेवटपर्यंत एकदाबी बंद पडलं न्हाई.

धक्क्याला लागल्यावर जमीन हलून राह्यली होती. प्रेमचं घर फोनवर, मोनालीचा बाप फोनवर. साहेब "घे" म्हणले म्हणून मी त्यांचा फोन घेतला, तुझा नंबर अर्धा फिरवला आन् परत दिला. बोलायचं ते समदं लिहिलंय.

वही समुद्रात टाकली न्हाई. पानं फाडून पाकिटात घातली, पत्ता मोनालीनं लिहिला. तिला मी समदं सांगितलं. ती एवढंच म्हणली, "आणि तातेरावांना?"

तवा एक मागतो. माझ्याशी बोलू नको, घरात घेऊ नको, पण तातेरावचा पत्ता तेवढा धाड. मंठ्याकडं राहतो असं ऐकलंय. मला त्याला वेगळं पत्र लिहायचंय. मी महिन्याभरात गोव्याला पोचतो, कारखान्याचा पत्ता मागं लिहिलाय.

भागवत

पिंपळगाव रेणुकाई, २१ फेब्रुवारी

भागवतास,

तुझं पाकीट परवा आलं. लेक अर्पिता वाचून दाखवते म्हणली. नको म्हणलो. चष्मा लावून मीच वाचलं, दोन दिवस लागले. तुझी वहिनी ओट्यावर बसून होती, तिला एवढंच सांगितलं, उडणारे मासे असतात म्हणं.

अंगारकीला राजूरहून आलो तव्हा मी आधी विहिरीवर गेल्तो, मंग घरी. व्हॉल माझ्याकडं होता आन् माझ्या झाडांखाली धूळ उडून राह्यली होती. तुझ्या नारळाच्या आळ्यात पाणी उभं होतं. मी जन्मभर पाणी दिलेला माणूस. मला कळायला किती येळ लागंल?

तरी तुला अंगणात विचारलं. तू हो म्हणला असतास तर दोन थापडा मारून सोडलं असतं. तू न्हाई म्हणलास. माय दारात उभी होती. दोन दिवसांनी तू जाणार होतास. मला वाटलं, आता समद्यांसमोर ह्याला खोटं पाडलं तर हा पुन्हा ह्या घराची पायरी चढणार न्हाई. तुला मी बापासारखं वाढवलं. म्हणून तातेराव खरं बोलतो हे माहीत असून मी त्याला खोटं ठरवलं. त्याच्या पोरासमोर. तुला घरात ठेवायसाठी त्याला काढलं, आन् तू तरी कुठं आलास.

तू एकदा खोटं बोललास, भीतीनं. मी जाणून बोललो.

मायला त्यानं खांदा दिला. माझ्या बाजूलाच होता. ओढ्यापर्यंत खांदा बदलला न्हाई. दुसऱ्या दिवशी तुला फोनवर जे म्हणलो, ते मला सहन होत नव्हतं म्हणून म्हणलो. तुझा फोन उचलला न्हाई तेबी त्याच्यामुळं. तू विचारलं असतंस तर मला सांगावं लागलं असतं.

तातेरावचा पत्ता मला पाठ हाय. बुद्धभूषण मंठ्याला मास्तर हाय, त्याच्याकडं राहतो. मी दोनदा गेल्तो. एकदा गल्लीच्या तोंडापासून परत आलो. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेलो, आत तो नातीला जेवू घालून राह्यला होता, आवाज आला, आन् मी कडी न वाजवता एसटीला येऊन बसलो.

तवा पत्ता धाडत न्हाई. त्या पत्रात तुझा एकट्याचाच गुन्हा लिहिला जाईल आन् माझा राहून जाईल. तू ये. मंठ्याला दोघं जाऊ. कडी मी वाजवतो, पण माझ्या बाजूला उभा राहा, मला एकट्याला ते व्हत न्हाई.

रखमाजी